वर दमट, खाली हवेशीर: फांदीपासून रोप करण्याची सविस्तर रीत

फांदी कापली, मातीत खोचली, रोज नेमाने पाणी घातलं आणि दहा दिवसांत ती काळी पडली. नव्याने बाग करणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते. मग "आपल्याला हातगुणच नाही" असं म्हणून माणूस तयार रोपांच्या मागे लागतो. पण हातगुणाचा इथे काही संबंध नाही. फांदी मेली ती पाण्याच्या हिशोबात.

कापलेल्या फांदीला मुळं नसतात, म्हणजे पाणी ओढायचं साधनच गेलेलं असतं. पानं मात्र पूर्वीसारखीच हवेत बाष्प सोडत राहतात. कापलेल्या टोकातून थोडंफार पाणी वर चढतं, पण तेवढ्याने भागत नाही. फांदी मलूल दिसली की आपण मातीत आणखी पाणी ओततो आणि घोळ तिथेच होतो. ते जास्तीचं पाणी फांदीला पिताच येत नाही. ते फक्त मातीच्या कणांमधली हवा हुसकून लावतं. नवी मुळं घडवायला बुडख्याच्या पेशींना प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही की बुडखा कुजतो.

म्हणून पाणी द्यायचं ते पानांभोवतीच्या हवेला, आणि हवा द्यायची ती मातीला. पुढे जे काही सांगितलं आहे, ते याच एका गोष्टीसाठी आहे.

सुरुवात कशापासून करायची

पहिल्याच झटक्यात गुलाबाला हात घालू नका. गुलाब लागतो, पण तो सबुरी पाहतो. कोलियस, पुदिना, तुळस, मनीप्लांट यांच्या फांद्यांना आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं दिसतात आणि मुळं म्हणजे नेमकं काय, ती कुठून निघतात, हे डोळ्यांनी पाहायला मिळतं. त्यानंतर जास्वंद, मोगरा, क्रोटन, ॲकॅलिफा. मग बोगनवेल आणि गुलाब. नारळ-सुपारीसारखी झाडं फांदीने होतच नाहीत, आणि आंब्याची फांदी मातीत लावून वाट पाहण्यात अर्थ नाही. तिथे भेट कलम, कोय कलम असे वेगळे मार्ग आहेत.

फांदी किती कोवळी, किती जून, यावर अर्धं यश अवलंबून असतं. हे ओळखायला ती वाकवून बघा. शेंड्याकडचा पोपटी भाग नुसता वाकतो, मोडत नाही. तो फार कोवळा, लगेच सुकतो आणि कुजतोही लवकर. त्याच्या खालचा भाग वाकवला की कटकन मोडतो. तिथे साल हिरवी असते, पण हाताला टणक लागते. जास्वंद, मोगरा, क्रोटन यांच्यासाठी हीच अर्धवट जून फांदी उत्तम. त्याच्याही खाली तपकिरी, पेन्सिलीएवढी जाड, वाकतच नाही अशी जून फांदी. बोगनवेलीला ती चालते, कारण तिच्यात अन्नाचा साठा बराच असतो. कोलियस-तुळशीसारख्यांना मात्र शेंड्याचाच भाग घ्यायचा.

झाड निरोगी हवं, कीड लागलेलं नको. फुलाने लगडलेली फांदीही टाळा. फुलं-कळ्या असतील तर काढून टाका, नाहीतर फांदीतलं अन्न तिकडेच जातं. एकाच झाडावर पर्याय असेल तर बुंध्याकडून जोमाने वर आलेला नवा फुटवा घ्या. जुन्या, थकलेल्या फांदीपेक्षा त्याला मुळं लवकर फुटतात. फक्त कलमी झाडावर कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा घेऊ नका, तो खालच्या खुंटाचा असतो. तो लावलात तर हव्या त्या गुलाबाऐवजी भलतंच झाड हाती येईल.

आदल्या संध्याकाळी मूळ झाडाला भरपूर पाणी द्या आणि फांदी सकाळी, ऊन चढायच्या आत कापा. त्या वेळी पानं पाण्याने तटतटलेली असतात. दुपारी तोडलेली फांदी कुंडीत पोचण्याआधीच निम्मी दमलेली असते.

कापायचं कसं: एक जास्वंदीची फांदी

कात्री किंवा सिकेटर (फांद्या छाटायची बागकामाची कात्री) धारदार हवा, आणि स्पिरिटने पुसलेला. बोथट कात्रीने फांदी चेचली जाते आणि चेचलेला भाग आधी कुजतो.

आता जास्वंदीची एक फांदी हातात घ्या. तिच्यावर जिथे जिथे पान जोडलेलं आहे, तिथे किंचित गाठीसारखा फुगवटा दिसेल. ते पेर. पानाच्या बगलेत एक बारीक टोकदार डोळा असतो. फांदीचा पुढचा सगळा विस्तार या पेरांतूनच होतो आणि बहुतेक झाडांत मुळंही पेराच्या आसपास सहज फुटतात. म्हणून खालचा काप पेराच्या अगदी खाली, जेमतेम अर्धा सेंटीमीटर सोडून घ्यायचा. दोन पेरांच्या मधोमध कापलंत तर खाली नुसतंच कांडं लोंबत राहतं आणि तेवढं बहुधा सडतं.

फांदीची लांबी 10 ते 15 सेंटीमीटर पुरे. जून फांदी असेल तर 20 सेंटीमीटर. त्यात किमान तीन-चार पेरं यायला हवीत. खालचा काप तिरका आणि वरचा सरळ ठेवायची जुनी पद्धत आहे, ती पाळावी. तिरक्या कापाने मुळं भरमसाट वाढतात असं मुळीच नाही. पण पानं काढलेली फांदी हातात आली की तिची खालची बाजू कुठली, हे त्यावरून चटकन कळतं. उलटी खोचलेली फांदी सहसा लागत नाही.

आता खालच्या निम्म्या भागातली सगळी पानं काढा. ओरबाडू नका, देठाशी कापा. मातीत गेलेलं पान कुजतं आणि सोबत फांदीलाही घेऊन जातं. वर दोन किंवा तीन पानं राहू द्या. ती मोठी असतील तर प्रत्येक पान आडवं अर्धं कापून टाका. पहिल्यांदा हे करताना जीवावर येतं, पण बाष्प सोडणारा पृष्ठभाग निम्मा होतो आणि फांदीला श्वास मिळतो. सगळी पानं मात्र काढू नका. हिरवी फांदी त्याच पानांवर जगते, आणि मुळं फुटायची सूचनाही वरच्या भागातून खाली येते.

शेवटी बुडख्याकडची साल एका बाजूने दोनेक सेंटीमीटर हलकेच खरवडा, आतला पांढुरका हिरवा थर दिसेल इतकीच. अर्धवट जून आणि जून फांद्यांना याचा फायदा होतो. कोवळ्या फांद्यांना गरज नाही.

कापल्यापासून लावेपर्यंत फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. आणि एकच फांदी लावून तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. चार-पाच लावा. कसलेल्या माळ्याच्याही सगळ्या लागत नाहीत.

हार्मोन, आणि हार्मोनच्या नावाखाली चालणारं बाकीचं

झाडाच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार होतं आणि खालच्या दिशेने वाहतं. फांदी कापली की त्याची वाट तुटते, ते कापाशी साठतं आणि तिथल्या पेशी मुळं घडवायच्या कामाला लागतात. 1935 साली झिमरमन आणि विल्कॉक्सन या दोन संशोधकांनी इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे आयबीए, बाहेरून लावूनही हेच साधता येतं हे दाखवलं. आज रूटिंग हार्मोन म्हणून जी पावडर मिळते, तिच्यात बहुधा हेच असतं.

पाकिटावर पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, याचा आकडा असतो, तो बघून घ्या. कोवळ्या फांदीला 1000, अर्धवट जून फांदीला 3000 आणि जून, चिवट फांदीला 8000 च्या आसपास, असा साधारण हिशोब आहे. जास्त लावलं म्हणजे जास्त मुळं फुटतात असं नाही. कोवळ्या फांदीला कडक पावडर लावली तर बुडखा जळतो.

थोडी पावडर कागदावर वेगळी काढा. थेट डबीत ओली फांदी बुडवली तर डबीतली सगळी पावडर ओल लागून खराब होते. फांदीचं टोक किंचित ओलं करा, पावडरीत टेकवा, झटका. पातळ थर राहिला की झालं. कोलियस, पुदिना, मनीप्लांट यांना यातलं काहीही लागत नाही.

आता घरगुती उपाय. मध, दालचिनी, कोरफडीचा गर. दालचिनी बुरशीला थोडाफार आवर घालते, ठीक आहे. मधात मुळं फोडणारं संप्रेरक नसतं. कोरफड लावल्याने बिघडत काही नाही, पण ती लावली म्हणून अवघड फांदी सोपी होत नाही. आणि बटाट्यात किंवा केळ्यात गुलाबाची फांदी खोचून दाखवतात, ते तर सोडूनच द्या. बंद मातीत बटाटा सडतो, त्याबरोबर फांदीचा बुडखाही. व्हिडिओत शेवटी जी टवटवीत मुळं दिसतात, त्यांच्या आधी किती दिवस कॅमेरा बंद होता कोण जाणे.

माती नको, माध्यम हवं

बागेतली माती आणि शेणखत हे मिश्रण वाढलेल्या रोपासाठी. कटिंगला ते चालत नाही. ते दाबून बसतं, पाणी धरून ठेवतं, आणि खतातले जीवजंतू ताज्या जखमेवर तुटून पडतात. मुळं नसलेल्या फांदीला खताचा तसाही उपयोग नाही.

निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे), हे मिश्रण सर्वांत बिनधोक. परलाइट नसेल तर धुतलेली जाडसर वाळू घ्या. बारीक वाळू नको, ती सिमेंटसारखी बसते. कोकोपीटची वीट भिजवल्यावर एक-दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन पिळून घ्या, कारण त्यात कधी कधी क्षार असतात. बोगनवेलीसाठी वाळूचं किंवा परलाइटचं प्रमाण आणखी वाढवा.

ओल किती हवी? मिश्रण मुठीत घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर पसरून थोडं वाळू द्या. मूठ उघडल्यावर लगेच भुगा झाला तर अजून थोडं पाणी शिंपडा.

भांडं लहान असू दे, तळाला भोकं असलेलं. पारदर्शक प्लास्टिकचा पेला वापरला तर मुळं बाहेरून दिसतात आणि फांदी उपसून पाहायचा मोह आवरतो. मात्र मुळांना उजेड नको असतो, म्हणून असा पेला एखाद्या अपारदर्शक भांड्यात ठेवा आणि पाहायचं असेल तेव्हाच उचला.

लावणं आणि झाकणं

आधी पेन्सिलीने भोक पाडा, मग फांदी घाला. नुसती खोचली तर लावलेली पावडर वरच पुसली जाते. किमान एक, जमल्यास दोन पेरं आत गेली पाहिजेत. भोवतीचं मिश्रण बोटांनी दाबून फांदी घट्ट बसवा. ती हलत राहिली तर फुटू लागलेली बारीक मुळं तुटतात. एकदा पाणी घाला, तळातून निथळू द्या.

यानंतरचं काम बहुतेक लोक गाळतात, आणि फांद्या मरतात त्या बहुतेक इथेच. फांदीवर पारदर्शक पिशवी उपडी घाला, किंवा तळ कापलेली प्लास्टिकची बाटली. पिशवी पानांना टेकू नये म्हणून कडेने दोन काड्या रोवा. आतली हवा बाष्पाने भरली की पानांतून पाणी जाणं जवळपास थांबतं आणि फांदीला मुळं घडवायला उसंत मिळते.

झाकलेलं भांडं उजेडात ठेवा, उन्हात अजिबात नाही. उन्हात पिशवीच्या आत तासाभरात फांदी शिजते. अंधाऱ्या कोपऱ्यातही नको, कारण उजेड नसेल तर पानं अन्न करणार नाहीत. वर्तमानपत्र सहज वाचता येईल इतका उजेड, आणि 20 ते 25 अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान, हे सगळ्यांत मानवतं. हवा दमट आणि ऊन मवाळ असलेले दिवस यासाठी सोन्यासारखे.

पिशवीच्या आतून बारीक दव दिसत असेल तर सगळं ठीक चाललंय, पाणी घालू नका. थेंब जमून ओघळायला लागले तर ओल जास्त झाली, दिवसभर पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवा. दव दिसतच नाही आणि मिश्रण वरून फिकट झालं, तर फवाऱ्याने शिंपडा. एक दिवसाआड पाच मिनिटं पिशवी काढून हवा खेळू द्या. गळलेलं पान दिसलं की लगेच उचला, बुरशी तिथूनच सुरू होते.

वाट पाहण्याचे दिवस

कोलियस-पुदिना आठ-दहा दिवसांत, तुळस पंधरवड्यात. जास्वंद, मोगरा, क्रोटन चार ते सहा आठवडे घेतात. गुलाब महिना-दोन महिने, बोगनवेल कधी कधी तीन महिनेही. गारठा असेल तर सगळंच लांबतं.

या काळात एक फसवणूक ठरलेली असते. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या काडीला दोन आठवड्यांत लालसर कोंब फुटतो आणि घरभर आनंद होतो. तो कोंब काडीतल्या साठवलेल्या अन्नावर आलेला असतो. खाली मुळाचा पत्ताही नसतो. अशा वेळी पिशवी काढून कुंडी उन्हात नेली की चार दिवसांत कोंब माना टाकतो. फुटवा आला तरी झाकण तसंच राहू द्या.

खरी खूण म्हणजे टिकून राहिलेली वाढ. एकामागून एक नवी पानं येऊन मोठी होताहेत आणि फांदी चिमटीत धरून अगदी हलकेच वर ओढली तर ती आतून अडते आहे, असं वाटलं की मुळं धरली. पेल्याच्या कडेला पांढरे दोरे दिसले तर शंकाच नको. टोकाशी नुसता पांढरट, खडबडीत गोळा दिसला तर ते कॅलस, म्हणजे जखम भरून आलेली पेशींची गाठ. ती मुळं नव्हेत. फांदी पुन्हा लावून ठेवा.

बुडखा काळा, मऊ आणि वासट झाला असेल तर फांदी कुजली. पण वरचा भाग अजून हिरवा, टणक असेल तर टाकून देऊ नका. काळपटपणाचा मागमूस राहणार नाही इतकं वर जाऊन कापा, कापलेला पृष्ठभाग स्वच्छ पांढुरका-हिरवा आहे ना ते बघा, आणि ताज्या मिश्रणात नव्याने लावा. फांदी वरून खाली सुकत आली असेल तर हवा कोरडी पडली. खालून वर काळी होत आली असेल तर माध्यम ओलं राहिलं. इतकं ओळखता आलं की पुढच्या खेपेला काय बदलायचं ते आपसूक कळतं.

पाण्यात लावायचं असेल तर

मनीप्लांट, कोलियस, पुदिना, तुळस यांना पाण्याची बाटली चालते. पेर पाण्यात, पानं पाण्याबाहेर. तीन-चार दिवसांनी पाणी बदला, कारण साचलेल्या पाण्यातला प्राणवायू कमी होतो. गडद काचेची बाटली असेल तर शेवाळ कमी धरतं.

मनीप्लांटचं नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर त्याला मुळं फुटू शकतात, महिनोन्महिने ते हिरवंही राहतं, पण त्याची वेल कधीच होत नाही. पेर नाही, डोळा नाही, मग कोंब येणार कुठून?

पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात, मातीत गेल्यावर त्यांना नव्याने जुळवून घ्यावं लागतं. म्हणून ती हातभर लांब होईपर्यंत थांबू नका. 3 ते 5 सेंटीमीटर झाली की मातीत हलवा आणि पहिला आठवडा माती जरा जास्त ओलसर ठेवा.

ज्यांची रीत उलटी

पांढरा चाफा, निवडुंग आणि जाड पानांची मांसल झाडं यांना वरचे नियम लावू नका. त्यांच्या अंगातच पाणी असतं. फांदी कापली की सावलीत कोरडी ठेवायची, मांसल झाडांची तीन-चार दिवस, चाफ्याची आठवडाभर किंवा थोडी जास्तच. कापावर कोरडी खपली धरली की रेताड मिश्रणात लावायची. पिशवी घालायची नाही, पाणी अगदी बेताने. चाफ्याचा चीक अंगाला किंवा डोळ्याला लागू देऊ नका. कण्हेरीची फांदी हाताळलीत तर हात आणि कात्री दोन्ही धुवा, तिचे सगळेच भाग विषारी आहेत.

स्नेक प्लांटचं पान आडवं कापून 8-10 सेंटीमीटरचे तुकडे लावता येतात. प्रत्येक तुकड्याची खालची बाजू खालीच जायला हवी, म्हणून कापतानाच खूण करा. पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलं तर नवी रोपं नुसती हिरवी येतात. पिवळा काठ हवा असेल तर कंदाकडून आलेलं पिल्लूच वेगळं करावं लागतं.

बाहेरच्या हवेची सवय आणि नवी कुंडी

मुळं धरली म्हणून पिशवी एकदम ओढून काढू नका. दमट हवेत राहिलेली पानं कोरड्या हवेत लगेच कोमेजतात. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, असं वाढवत आठ-दहा दिवसांत झाकण पूर्ण काढा. मध्येच पानं माना टाकू लागली तर पुन्हा झाका आणि दोन दिवस थांबा.

मुळं 4-5 सेंटीमीटर झाली की 10 ते 12 सेंटीमीटर तोंडाच्या कुंडीत हलवा. एकदम मोठी कुंडी नको, तिच्यातली मुळांपलीकडची माती ओलीच राहते. आता माती, कोकोपीट आणि थोडं गांडूळखत चालेल. पहिला आठवडा सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन. इतर कुठलंही खत नवी पानं नीट वाढायला लागल्यावरच, तेही निम्म्या मात्रेने. चार-पाच नवी पानं आली की शेंडा खुडा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. गुलाब आणि जास्वंद या वयातच कळी धरतात. पहिल्या एक-दोन कळ्या खुडून टाका.

बोगनवेलीला मात्र हलवताना वेगळी काळजी घ्यावी लागते. तिची कोवळी मुळं इतकी नाजूक असतात की भोवतालचं मिश्रण ढासळलं की ती सोबत तुटून येतात. फांदी धरून ओढू नका. मिश्रण किंचित ओलसर असताना पेला कात्रीने दोन्ही बाजूंनी उभा चिरा, प्लास्टिक सोलून काढा आणि मुळांभोवतीचा मिश्रणाचा गोळा जसाच्या तसा नव्या कुंडीत बसवा.